बदनामीची पोस्ट आणि कंपनीची जबाबदारी

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. गटाचे पैसे मी खाल्ले, अशी खोटी पोस्ट माझ्या फोटोसह फिरते आहे. ती काढणे समाजमाध्यम कंपनीवर बंधनकारक नाही का?

उत्तर : ताई, आपला संताप रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार इतरांच्या मजकुराबाबत कंपनीला संरक्षण असते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात सांगितल्याप्रमाणे, न्यायालयाचा आदेश मिळूनही मजकूर न हटवल्यास ते संरक्षण उरत नाही. खेड्यातल्या बाईला त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागणे मला जाचक वाटते. तूर्त स्क्रीनशॉट व लिंक जपून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. पोस्ट टाकणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फिर्याद करता येते. वकिलाकडे जाताना गटाचे पासबुक आणि ठराववही सोबत न्या.