घोडीवर क्रेनिओसेक्रल करून घ्यावं का?

ताई, तुमच्या लिहिण्यावरून मला जे कळलं ते असं: घोडी रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेली थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळायला लागलं की कान मागे टाकते, डाव्या रेनवर, म्हणजे डावीकडे वळत जाताना, कँटर (दुडकीच्या पुढची, बेताच्या वेगाची धाव) धरत नाही. तुमची स्वतःची कंबर गेल्या वर्षी पडल्यापासून दुखते. क्लबात आलेल्या थेरपिस्टबाईंनी तुम्हा दोघींवर मिळून क्रेनिओसेक्रलची, म्हणजे कवटीला आणि कण्याच्या खालच्या टोकाला अगदी हलका हात लावून करायच्या उपचारांची, सत्रं सुचवली आहेत आणि घ्यावीत की नाही हे तुम्हाला ठरत नाहीये.

घ्यायला हरकत नाही, पण आत्ता नको. आधी घोडीला कुठे दुखतंय ते शोधा. त्या सत्रात हातांनी जे होतं ते बरंचसं खरं आहे, पण त्यामागचं जे स्पष्टीकरण दिलं जातं ते टिकत नाही. हा फरक लक्षात असला की कशासाठी पैसे द्यायचे आणि कशासाठी नाही, हे तुम्हालाच कळेल.

स्पष्टीकरण कुठून आलं ते आधी सांगतो. अमेरिकेत विल्यम सदरलँड नावाचे ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायूंवर हातांनी उपचार करणारे वैद्य, होते. 1899 च्या सुमारास, विद्यार्थी असताना, सुट्या केलेल्या कवटीतल्या हाडांच्या तिरक्या कडा पाहून त्यांच्या मनात आलं की ही हाडं एकमेकांवर हलत असली पाहिजेत. पुढे 1970 च्या दशकात जॉन अपलेजर यांनी ती कल्पना वाढवली. मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना त्यांना मज्जारज्जूवरचं आवरण एका लयीत हलताना दिसलं होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्यांनी यावर काम केलं आणि 1985 मध्ये फ्लोरिडात स्वतःची संस्था काढली. जगभर जे शिकवलं जातं ते मुख्यतः त्यांचं. कवटीपासून माकडहाडापर्यंत द्रवाची एक स्वतंत्र लय असते, मिनिटाला साधारण 6 ते 12 वेळा, आणि जेमतेम 5 ग्रॅम वजनाच्या स्पर्शाने ती ओळखून दुरुस्त करता येते, असा त्यांचा दावा.

मेंदूभोवतीचा द्रव हलतो हे खरंच आहे, पण तो हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर हलतो. वेगळ्या लयीबद्दल 1994 मध्ये एक साधी तपासणी झाली. तीन फिजिओथेरपिस्टनी त्याच 12 जणांची लय हाताने मोजली आणि तिघांच्या आकड्यांची आपसांत जुळणी जवळजवळ शून्य निघाली. 2006 मध्ये सशांच्या कवटीवर 5 ते 20 ग्रॅमचा ताण देऊन पाहिला, हाडांच्या सांध्यात हालचाल झाली नाही. त्यासाठी कितीतरी जास्त जोर लागला. माणसांमध्ये मानदुखीसारख्या तक्रारीत काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या की पुरावा कच्चाच ठरतो. घोड्यांबाबत तर बहुतेक सगळी भिस्त मालकांच्या अनुभवांवर आहे.

आता घोड्याचं डोकं डोळ्यांसमोर आणा. थेरपिस्ट कपाळावर तळवा ठेवतात ना, तिथे हाडाखाली लगेच मेंदू नसतो, तिथे हवेने भरलेली पोकळी असते. मेंदू त्याच्या मागे, वरच्या बाजूला, जाड हाडात बसलेला. खाली गालाचा बराचसा भाग दाढांच्या लांब मुळांनी व्यापलेला. मागचं टोक बघाल तर सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा पुठ्ठ्याच्या जाड स्नायूंखाली इतका खोल असतो की पशुवैद्यालाही तो थेट हाताला लागत नाही. म्हणून कुणी ‘तुमच्या घोडीचं सेक्रम अडकलंय, मी सोडवलं’ असं म्हणालं, तर ते मला पटत नाही.

तरीही त्या सत्रात घोडी मान खाली टाकते, डोळे अर्धे मिटते, खालचा ओठ सैल सोडते, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते मला मोलाचं वाटतं. 1993 मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर एक सुंदर अभ्यास झाला. आयाळ संपते तिथे, खांद्याच्या उंचवट्यापुढे माणसाने खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, असं त्यात दिसलं. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. म्हणजे सावकाश, न घाई करणाऱ्या हाताने घोडा खरोखर शांत होतो, त्याला कवटीच्या लयीची गरज नाही. रेसवरून आलेल्या घोड्याने तर आयुष्यभर घाईचेच हात पाहिलेले असतात: पट्टे आवळा, पाय उचल, चल बाहेर. अशा घोडीजवळ कुणी पाऊण तास काही न मागता उभं राहतं, ही तिच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

एक सावधगिरी मात्र. जीभ चाटणं, चघळल्यासारखं करणं आणि जांभया यांना ‘रिलीज’ म्हणून लगेच टाळ्या पडतात. चाटणं-चघळणं बहुधा ताण ओसरताना दिसतं, म्हणजे आधी ताण होता हेही त्यातून कळतं. आणि वारंवार जांभया देणाऱ्या घोड्याचं तोंड किंवा पोट दुखत असू शकतं. आमच्या पागेत एक रेसवरून आलेला घोडा होता. सत्रात इतका सुंदर पेंगायचा की मोतद्दार दोरी सैल सोडून बाजूला बसायचा. दुसऱ्या दिवशी लगाम घातला की मान पुन्हा आकाशात. शेवटी पशुवैद्याने तोंड उघडून पाहिलं तर वरच्या मागच्या दाढेला हूक, म्हणजे आकड्यासारखं टोक, आलेला आणि गालाला आतून जखम. दाढ घासली आणि पंधरवड्यात मान खाली आली.

म्हणून तुमच्या घोडीसाठी माझी पहिली मागणी दातांची. घोड्याच्या दाढा दरवर्षी 2 ते 3 मिलिमीटर वर येत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. भिजवलेला दाणा आणि कोंडा जास्त, चघळायला गवत कमी, अशा खाण्यात दाढा नीट झिजत नाहीत. तबेल्याच्या जमिनीवर अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले दिसतात का ते मोतद्दाराला विचारा. त्याला हमखास माहीत असतं, पण त्याला सहसा कुणी विचारत नाही. तपासणी मात्र तोंड उघडं ठेवणारं साधन लावून, टॉर्चने, गरज पडली तर गुंगीचं औषध देऊन व्हायला हवी. ओठ उचलून पुढचे दात पाहिले आणि ‘ठीक आहे’ म्हटलं, ही तपासणी नव्हे.

तंग आवळताना कान मागे जातात याचा माझ्या मनात पहिला संशय पोटावर आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होतं, खाल्लं नाही तरी. रेसच्या घोड्यांना दिवसातून दोन-तीनदा भरपूर दाणा आणि मध्ये लांब उपास, त्यामुळे जठरात व्रण होणं त्यांच्यात फार सामान्य आहे. खात्री करायची तर सुमारे तीन मीटर लांब नळीची गॅस्ट्रोस्कोपी लागते. मुंबई-पुण्याकडे ती कुठे होऊ शकेल हे तुमच्या पशुवैद्याला विचारा. तोवर एक गोष्ट आजपासून करता येईल: रपेटीआधी घोडीला थोडं सुकं गवत खाऊ द्या, म्हणजे धावताना आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर तितकं उसळत नाही. आणि दिवसभरात गवताशिवायचा लांब वेळ ठेवू नका.

मग पाठ. थरोब्रेडमध्ये पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना टेकण्याचा त्रास बराच आढळतो, नेमका खोगिराखाली. खांद्याच्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांचे पेर हलके, एकसारखा दाब ठेवून फिरवा. घोडी एखाद्या ठिकाणी पाठ खाली घेते, कातडी थरथरवते, शेपूट झटकते असं दिसलं तर ती जागा लक्षात ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. एक्स-रे काढायचा की नाही ते ते ठरवतील. खोगीर उतरवल्यावर घामाचा ठसा पाहा: मध्येच कोरडा राहिलेला चट्टा किंवा नव्याने उगवलेले पांढरे केस असतील तर तिथे दाब येतोय. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. रेस सोडल्यावर वर्षभरात घोडीचं अंग बदलतं, तेव्हा आल्या दिवशी बसलेलं खोगीर आज बसेलच असं नाही.

तुमच्या कमरेच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तुम्ही लिहिलंयत की खोगीर सारखं उजवीकडे सरकतं आणि प्रशिक्षक म्हणतात तुम्ही वाकड्या बसता. इंग्लंडमध्ये लीन ग्रेव्ह आणि सू डायसन या पशुवैद्यांनी नेमकं हेच तपासलं. एका बाजूला खोगीर सरकणाऱ्या पुष्कळ घोड्यांच्या मागच्या पायात लंगडेपणा होता, आणि नस बधिर करून तो थांबवला की खोगीर बहुतेक वेळा सरळ राहिलं, स्वार तोच असताना. म्हणजे वाकडेपणा तुमचाच आहे असं आत्ताच धरून चालू नका. कदाचित घोडीच्या मागच्या पायामुळे तुमची कंबर रोज पिळली जातेय. सू डायसन यांनीच स्वारीखालच्या घोड्याच्या वेदनेच्या 24 खुणांची यादी 2018 मध्ये मांडली. त्यातल्या 8 किंवा जास्त दिसल्या तर दुखणं असण्याची शक्यता मोठी. कुणाला तरी दोन्ही रेनवर दुडकी आणि कँटरचा पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ बाजूने आणि मागून काढायला सांगा. कान, डोळे, तोंड, शेपूट, सगळं त्यात यायला हवं.

तुम्ही स्वतः मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. पडल्यानंतरची कंबरदुखी वर्षभर टिकली असेल तर तिला हलक्या हातावर सोडणं बरोबर नाही. पाय बधिर होणं, मुंग्या येणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही असेल तर आजच जा. डोक्याला मार लागला असेल आणि डोकं दुखत असेल तर कवटीवर कुणालाही हात ठेवू देऊ नका, तपासणी होईपर्यंत.

हे सगळं झाल्यावर, घोडीचं दुखणं सापडून उपचार सुरू झाल्यावर, सत्रं घ्यायची असतील तर खुशाल घ्या. दुखऱ्या आठवणी सोडवायला शांत हात फार उपयोगी पडतात, विशेषतः तंग आणि खोगिराची धास्ती बसलेल्या घोडीला. थेरपिस्टबाईंना दोन गोष्टी विचारा. घोडीने नको म्हटलं तर त्या थांबतात का? आणि पशुवैद्याशी बोलायला त्या तयार आहेत का? दुसऱ्याला नकार आला तर तिथेच थांबा. ब्रिटनमध्येही दुखणाऱ्या जनावरावर असे हस्तोपचार पशुवैद्याने तपासून सांगितल्याशिवाय करायचे नसतात, आणि आपल्याकडे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार रोगनिदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्याचंच काम आहे. ‘औषधं बंद करा, मी बघते’ असं म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती घोडी देऊ नका.

तोवर तुम्ही स्वतः रोज काही मिनिटं देऊ शकता, फुकट. खरारा झाल्यावर घोडीला बांधून न ठेवता मोतद्दाराच्या हातात दोरी सैल द्या. डाव्या खांद्याशी उभ्या राहा, समोर किंवा मागे नको. तळवा मानेच्या मुळाशी, आयाळीच्या खाली सपाट ठेवा, दाबू नका, चोळू नका. तुमचा श्वास लांब होऊ द्या. तिच्या वरच्या पापणीवरच्या सुरकुत्या पाहा: दुखतं किंवा काळजी असते तेव्हा त्या टोकदार होतात, सैलावली की मऊ पडतात. तिने मान पलीकडे वळवली, कातडी झटकली किंवा पाय उचलला की हात लगेच काढा आणि वाट पाहा. थोड्या वेळाने बहुतेक ती स्वतःच खांदा परत जवळ आणते. नकार ऐकला जातो हे घोडीला एकदा कळलं की तंगाच्या वेळीही ती आधी हळू सांगते, चावायला धावत नाही. तंगसुद्धा एकदम न आवळता एकेक भोक, मध्ये दोन पावलं चालवून.

दातांची तपासणी झाली की इथे कळवा, आणि खोगीर घातलेल्या घोडीचे फोटो बाजूने, पुढून आणि मागून टाका, पॅड न घालता. खोगिराचा तोल कुठे चुकतोय ते त्यावरून बरंच सांगता येईल.