जुन्या मराठी इंद्रजाल अंकांसाठी कोणतं गाईड घ्यावं?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या इतवारीतल्या मामांच्या माळ्यावरून एक लोखंडी ट्रंक खाली काढली, त्यात मराठी इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, ज्यांत असायचा ते), काही अमर चित्रकथा आणि तळाशी हिंदी नागराज, चाचा चौधरी निघाले. आता अमेरिकेत निघणारं ओव्हरस्ट्रीटचं जाडजूड किंमतपुस्तक मागवावं, की आपल्या कॉमिक्ससाठी दुसरं काही आहे?

या ट्रंकेसाठी ओव्हरस्ट्रीट मागवू नका. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी ते १९७० साली पहिल्यांदा काढलं आणि आता ते दरवर्षी नवं निघतं. अमेरिकी कॉमिक्स जमवणाऱ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही. पण त्यात मराठी वेताळ शोधणं म्हणजे मुंबई लोकलच्या वेळापत्रकात नागपूरजवळची कामठी शोधण्यासारखं आहे. मी एक जुनी प्रत बर्डीच्या फुटपाथवर घेतली होती. किमतींचा मला काडीचा उपयोग झाला नाही, पण अंकाची अवस्था कशी सांगायची ते मात्र त्यातून शिकलो. तिथे दहापैकी गुण देतात. नियर मिंट, म्हणजे जवळजवळ कोरा अंक, ९.४, व्हेरी फाइन ८, फाइन ६, व्हेरी गुड ४ आणि गुड म्हणजे फक्त २! आपण ज्याला सहज 'चांगला आहे' म्हणतो, तो त्या पट्टीवर झिजलेला, दुमडलेला, कणा उलत चाललेला अंक असतो. भाड्याच्या वाचनालयांतून पन्नास हातांत फिरलेले आपले बहुतेक अंक १ ते ३ च्या मध्ये बसतात, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त कुणी 'एकदम मिंट आहे' म्हणून भाव सांगू लागला, की ही पट्टी आठवा.

आता मुद्द्याचं. किंमत हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की मुळात छापलं काय काय गेलं होतं? संदर्भाचं खरं काम तेच. भाव दर सहा महिन्यांनी बदलतो, पण अमुक अंक निघाला की नाही हे एकदा नीट कळलं की कायमचं कळतं.

माझंच सांगतो. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. माझ्याकडे १२२ होता, १२५ होता, मधले दोन नव्हते. दोन वर्षं मी ते शोधले. इतवारीतले रद्दीवाले, बर्डीचे फुटपाथ, अमरावतीला लग्नाला गेलो तर तिथलं एक जुनं दुकानसुद्धा सोडलं नाही. नंतर कळलं की १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे निघालेच नव्हते. म्हणून सलग मोजलं तर क्रमांक ८०५ पर्यंत जातात आणि अंक भरतात ८०३. हे एक वाक्य कुठे लिहिलेलं आधी सापडलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. चांगली यादी काय आहे ते सांगतेच, काय नाही तेही सांगते.

दुसरं असंच अमर चित्रकथेचं. नवा संग्राहक एक नंबरपासून सुरुवात करायला बघतो आणि दहापर्यंत काहीच मिळत नाही म्हणून हवालदिल होतो. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांच्या कन्नड अनुवादांना दिलेले होते, सिंड्रेला वगैरे. आपण ओळखतो ती अमर चित्रकथा अकराव्या अंकापासून, म्हणजे 'कृष्ण'पासून सुरू होते. तेव्हा मामांच्या ट्रंकेत १ ते १० नाहीत म्हणून कुणी संच अपुरा म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

इंद्रजालमध्ये आणखी एक गुंता आहे. अंकांवर ४४३ पर्यंतच सलग क्रमांक छापलेले आहेत, पुढे खंड आणि अंक अशी पद्धत आली आणि ती थेट खंड २०, अंक १ अशी सुरू झाली. 'खंड २१, अंक ७' पाहून हे कोणतं वेगळंच मासिक असं वाटू देऊ नका. ते इंद्रजालच आहे.

इंटरनेटवर याद्या आहेत. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस १९९४ पासून स्वयंसेवक चालवतात, फुकट आहे, आणि एक गोष्ट कुठे कुठे पुन्हा छापली गेली तेही तिथे नोंदतात. वेताळाच्या मूळ वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांचे कालक्रम चाहत्यांनी फार जीव लावून केलेत. पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, तेव्हापासूनची दैनिक आणि रविवारची कथानकं त्यात वेगवेगळी मिळतात. आपल्या अंकातली गोष्ट मूळ कोणती हे शोधायचं असेल तर हेच कालक्रम उघडा. फक्त एक लक्षात असू द्या, भारतात नावं बदलली होती. वेताळाचा देश इथे डेंकाली झाला, सिंग चाचे सिंगा झाले आणि बापाचा खुनी रामा होता तो रामालू झाला. मूळ नावाने शोधलंत तर आपला अंक सापडणार नाही, आपल्या नावाने शोधलंत तर मूळ पट्टी सापडणार नाही. दोन्ही नावं जवळ ठेवा.

अमर चित्रकथेबद्दल वाचायचं असेल तर कार्लाइन मॅक्लेन यांचं २००९ चं इंग्रजी पुस्तक आहे, 'इंडियाज इम्मॉर्टल कॉमिक बुक्स'. ती किंमतयादी नाही, पण हे अंक कसे घडत होते ते समजतं.

आणि मराठी? खरी पोकळी इथे आहे. बहुतेक याद्या इंग्रजी अंकांवरून केलेल्या असतात. मराठी अंकाचं शीर्षक काय होतं, तो त्याच महिन्यात निघाला का, कव्हर तेच होतं का, याची नोंद फार थोड्यांनी ठेवलीय. इंग्रजी यादीतला क्रमांक मराठीला तसाच लागेल असं कधीही गृहीत धरू नका. म्हणजे तुम्ही ज्या गाईडची वाट पाहताय त्याची काही पानं त्या ट्रंकेतच आहेत आणि ती तुम्हाला लिहायची आहेत. हे मी मनापासून सांगतोय.

साधी दोनशे पानी वही घ्या. भाषा वेगवेगळ्या ठेवा, कारण नागपूरच्या गठ्ठ्यात मराठी आणि हिंदी नेहमी मिसळलेले असतात. आपलं शहर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, घरोघरी दोन्ही भाषा वाचल्या जात. एका अंकाला एक ओळ. क्रमांक, कव्हरवरचं शीर्षक जसंच्या तसं, किंमत, तारीख, आतल्या पानावरचा छापखान्याचा मजकूर, लेखक-चित्रकारांची नावं असतील तर ती, पानं पूर्ण आहेत का, आणि अवस्था. वाचनालयाचा शिक्का असेल तर तोही नोंदवा. माझ्या एका वेताळावर महाल भागातल्या एका भाड्याच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोट्टे तिथे रांगेत उभे राहायचो. ओव्हरस्ट्रीटच्या पट्टीवर तो शिक्का दोष ठरेल, माझ्या वहीत तो माहिती आहे.

तारीख नसेल तर अंक स्वतःच वय सांगतो. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाले. किमतीला ₹ चिन्ह असेल तर २०१० किंवा नंतरचा. अमर चित्रकथेत मागच्या पानावरची यादी पाहा. तुमच्या हातातली प्रत त्या यादीतल्या शेवटच्या अंकाआधी छापलेली असू शकत नाही. या चित्रकथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, म्हणून नुसता क्रमांक लहान आहे म्हणजे प्रत जुनी, असं होत नाही. इथेच लोक सर्वात जास्त फसतात. दुसरी फसवणूक रंगीत प्रिंट काढून 'ओरिजिनल' म्हणून विकण्याची. एक साधं भिंग घ्या. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीत, नेमाने बसलेले दिसतात, घरच्या प्रिंटरचे विखुरलेले.

हिंदी कॉमिक्सचं थोडक्यात सांगतो, ते माझं खास क्षेत्र नाही. राज कॉमिक्सच्या नागराजचा जन्म १९८६ चा, आणि त्याची सुरुवातीची चित्रं प्रताप मुळीक यांची, जे अमर चित्रकथेतही होते. एकाच चित्रकाराचा हात दोन्ही गठ्ठ्यांत दिसला तर चकित होऊ नका. वहीत चित्रकारासाठी वेगळा रकाना ठेवा, तो फार आनंद देतो.

किमतीचं म्हणाल तर भारतीय कॉमिक्ससाठी सर्वांनी मानलेलं वार्षिक किंमतपुस्तक नाही. ऑनलाइन मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे, विकलेली किंमत म्हणजे किंमत. दोन-तीन महिने विकले गेलेले सौदे वहीच्या मागच्या पानावर टिपा, त्यातून तुमचा अंदाज तयार होईल. तोवर कुणालाही अख्खी ट्रंक एकरकमी देऊ नका.

आता जपणूक, कारण आपल्या गावाचा उन्हाळा वेगळा आहे. माळ्यावर परत ठेवू नका, मे महिन्यात तिथे कागद भाजून निघतो. पण त्याहून मोठा शत्रू कूलर आहे. मी दोन उन्हाळे माझे अंक कूलरच्या खिडकीशेजारच्या कपाटात ठेवले. दमट हवेने पिना गंजल्या, आणि प्रत्येक पिनेभोवती तांबूस डाग पसरला. तो कधीच जात नाही. आतल्या, कोरड्या खोलीतलं कपाट निवडा, अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत उभे ठेवा, पीव्हीसीचं प्लास्टिक नको. डांबरगोळ्या पिशवीत घालू नका. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

ट्रंकेत बाइंडिंग केलेले गठ्ठे असतील तर ते उसवू नका. मी एक उसवला होता, सुटे अंक करायच्या मोहाने. डिंकाला कव्हरं चिकटून आली आणि आठ अंक गेले. तशा आठ अंकांची जोडणी मला परत मिळालेली नाही, ती चूक अजून सलते. बाइंडिंगवाल्याने कडा कापल्या असतील, किंमत कमी होईल, पण तो गठ्ठा आहे म्हणून ते अंक रद्दीत गेले नाहीत.

रद्दीवरून आठवलं. दिवाळीच्या साफसफाईच्या आधीचे आठ दिवस आणि परीक्षा संपल्यानंतरचा आठवडा, या दोन वेळी इतवारीच्या रद्दीवाल्यांकडे चक्कर मारत जा. मला जे काही मिळालं त्यातलं अर्धं त्याच दिवसांतलं आहे.

एक विनंती आहे. आबिद सुरतींनी घडवलेला नायक बहादूर इंद्रजालमध्ये डिसेंबर १९७६ ला आला. मामांच्या ट्रंकेत बहादूरचा तो पहिला अंक मराठीत असेल, तर कव्हर आणि आतल्या पहिल्या पानाचा फोटो इथे टाका. त्यावरचं नेमकं मराठी शीर्षक आणि तारीख मला हवी आहे. माझ्या वहीत ती ओळ अजून रिकामी आहे.