भीती बाकावरची, नाव वयाचं

“आता ह्या वयात डोक्यात शिरेल का हो, मॅडम?” चाळिशीनंतर पुन्हा शिकायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न. गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातून आलेल्या ताईंनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ४३, बारावीनंतर लगेच लग्न, मुलगी कॉलेजात. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या बीएचा फॉर्म दोनदा भरायला घेतला आणि दोनदा अर्धवट सोडला.

मी विचारलं, “नेमक्या कुठे थांबलात?”

“विषय निवडताना. इंग्रजीचा पेपर दिसला आणि...” इतका वेळ नीट मराठीत बोलणाऱ्या ताई एकदम घरच्या कोकणीत म्हणाल्या, “माका जमचें ना.”

चौथीपर्यंत त्या गावच्या मराठी शाळेत होत्या. पाचवीत सगळे विषय एकदम इंग्रजीत. भूगोलाच्या तासाला उत्तर येत होतं, पण मराठीत. इंग्रजीत सांगता येईना म्हणून तास संपेपर्यंत बाकावर उभं राहावं लागलं. पेडणे, डिचोली, सत्तरीकडून आलेल्या कितीजणींकडून मी हे ऐकलंय! तक्रार वयाची सांगतात आणि थोडं बोलल्यावर तो बाक निघतो.

वयाचा काहीच फरक पडत नाही, असं मी त्यांना सांगितलं नाही. ते खरं नाही. नवीन माहिती पटकन उचलण्याचा वेग या वयात थोडा मंदावतो. पण शब्दसंग्रह, अर्थ लावणं, वाचलेलं अनुभवाशी जोडणं हे पन्नाशीतही टिकून असतं, पुष्कळदा वाढतं.

ताई गावच्या महिला भजनी मंडळात गातात. यंदा नवे अभंग बसवले होते. “पाठ कसे करता?” मी विचारलं.

“दोनदा ऐकायचं. मग कागद न बघता म्हणायचं. अडलं की बघायचं, परत पहिल्यापासून.”

अभ्यासाची ही उत्तम रीत आहे. तेच पान पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघितलं तर लक्षात जास्त राहतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. शाळेत त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे अभ्यास म्हणजे मोठ्याने घोकणं.

मग कागद घेऊन हिशेब मांडला. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट धरले तर ३६०० तास. तीन वर्षांत संपवायची तर रोज सव्वातीन तास लागतात, आणि संसार सांभाळून ते होणं कठीण. पण सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते, म्हणजे रोज पावणेदोन तासांहूनही कमी. पहाटे पाच ते साडेसहा, पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजेपर्यंत, घर त्यांचं एकटीचं असतं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत पुस्तक उघडायचंच नाही, असं आधीच ठरवलं. नाहीतर गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधतानाही अभ्यास राहिल्याची टोचणी लागते.

नवऱ्याचं “आता कशाला?” हे होतंच. एकदा दोघांना एकत्र बसवलं. त्यांना शिक्षणाचं वावडं नव्हतं, संध्याकाळच्या स्वयंपाकाची चिंता होती. ते लवकर मिटलं.

इंग्रजीला मात्र वेळ लागला. लेकीने रोज एक परिच्छेद वाचून दाखवायचा, ताईंनी तो आधी मराठीत सांगायचा, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. पहिले काही दिवस लेक चुका दुरुस्त करायला लागली की ताई उठून आत जायच्या. मी लेकीला सांगितलं, आई बोलत असताना मध्ये टोकू नकोस, बोलून झाल्यावर दाखव.

डिसेंबरच्या परीक्षेत बाकीचे पेपर सुटले, इंग्रजी राहिलं. निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला. मी काही बोलायच्या आत त्यांनी गुण सांगितले, कुठला प्रश्न चुकला तेही सांगितलं, आणि म्हणाल्या, “जूनला परत बसते. पत्रलेखनाचा सराव कमी पडला, बाकी जमलेलं.”