कमी पाण्याच्या भागात कॉलेजच्या आवाराचं लँडस्केप कसं करावं? (सोलापूरकडचं कॉलेज, मोकळी जागा भरपूर, उन्हाळ्यात टँकर)

सर्वात आधी लॉनचा विचार सोडा. टँकरच्या पाण्यावर हिरवळ जगवणं मला चुकीचं वाटतं, आणि तिच्यावर मुलांना बसूही देत नाहीत. तोच खर्च सावलीवर करा.

छतांपासून सुरुवात करा. 1,000 चौरस मीटर छतावर 600 मिमी पाऊस पडला की 6 लाख लिटर पाणी होतं. गळती-बाष्पीभवन वजा जाता त्यातलं बरंचसं विहीर किंवा बोअर पुनर्भरणाला वळवता येतं. उतार बघून चर आणि झाडांची आळी अशी काढा की वाहतं पाणी मुळांपाशी थांबेल.

झाडं इथलीच लावा: कडुनिंब, करंज, बहावा, पळस, आपटा. वर्गांच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं, तिथे करंज-कडुनिंबाची दाट रांग हवी. वड-पिंपळ जरूर लावा, पण इमारत आणि पाइपलाइनपासून लांब, मैदानाच्या कडेला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो सुंदर, पण फांद्या ठिसूळ, वादळी पावसात मोडतात. पार्किंगवर आणि वाटेवर तो नकोच.

पायवाटांची घाई करू नका. एक सत्र मुलं कुठून चालतात ते पाहा आणि जिथे माती तुडवली गेलीय तिथेच फरशी टाका. बुंध्याभोवती मात्र सिमेंट नको, निदान मीटरभर माती उघडी ठेवा.

लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे रोपं आणण्याआधी ठरवा. वनस्पतिशास्त्र विभाग आणि एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) त्यात आत्ताच घ्या.