कवड्यांची माळ घरात ठेवणं अशुभ असतं का?

देवघरात शंख चालतो, मग सासूबाईंच्या मागे राहिलेली कवड्यांची माळच पाण्यात सोडा असं का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका. अशुभ म्हणणाऱ्यांना एकदा तुळजापूरला घेऊन जा.

माझी आजी आराधी होती, म्हणजे तुळजाभवानीची माळ घेतलेली भक्तीण. गळ्यात माळ, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा. घरात खायला कमी नव्हतं, तरी मागायचीच; देवीच्या दारात मोठेपण उतरवून ठेवायचं असतं. तिच्या माळेतली प्रत्येक कवडी दोरा ओवायला पाठीवर घासलेली होती आणि हळदीचे हात लागून पिवळी पडलेली. आत्याला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा काका आजीला म्हणाले, "माळ काढ आणि आत बस. भिकाऱ्यांचं घर वाटेल." आजी माळ घालूनच ओसरीवर बसली, पाहुण्यांना मळवटातलं कुंकू लावलं. स्थळ मोडलं. काका आजही माळेलाच दोष देतात. पाहुण्यांनी हुंडा किती मागितला होता, ते मात्र घरात कुणी काढत नाही.

शंख आणि कवडी, दोन्ही समुद्री गोगलगायींचीच घरं. शंख विष्णूच्या हातात, कवडी भवानी, रेणुका, यल्लमाच्या भक्तांच्या अंगावर. मालदीवहून गलबतं भरून कवड्या यायच्या आणि बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नाणं म्हणून चालायच्या, म्हणून ती लक्ष्मीही. खालची चीर डोळ्यासारखी दिसते, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी बैलाच्या गळ्यातही बांधतात. गोंधळी कवड्यांच्या माळेशिवाय गोंधळाला उभा राहत नाही, आणि शिवाजी महाराजांच्या काही चित्रांतही ती माळ असते. शंख पवित्र आणि कवडी हलकी, हा भेद माणसांनी केला, तोही माळ घालणाऱ्यांची जात बघून.

एक मात्र आहे. माळ गळ्यात घालायची तर नेम पाळावे लागतात, हौसेने घालू नका. देवघरात देवीच्या टाकापाशी ठेवलीत तरी पुरे. कुणालाच तिची पूजा करणं जमणार नसेल, तर ओळखीच्या आराधी बाईला द्या. दोरा कुजला असेल तर बदला. लिंबाने धुऊ नका, कवडीची चकाकी जाते.

आणि घरात सोयरीक यायचीय म्हणून ती लपवू तर मुळीच नका. ज्यांना ती माळ खुपते, त्यांच्या घरी मुलगी न दिलेलीच बरी. हे काकांना तेव्हाच कुणीतरी सुनवायला हवं होतं.