माझी १९९० ची फोर्ड मस्टँग तापली की बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते. तिचं इग्निशन मॉड्यूल (ठिणगीसाठीचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) घरी बदलता येईल का?

येईल की. ५.० लिटरच्या मस्टँगला ते डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक स्पार्क प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) अंगालाच बाहेरून बसवलेलं असतं, दोन स्क्रूंवर. तुम्ही सांगताय तसं गाडी तापली की बंद पडते आणि थंड झाल्यावर मुकाट चालू होते, हे या मॉड्यूलचं नेहमीचं दुखणं. तरी बंद पडल्या पडल्या प्लगला ठिणगी येते का ते बघा. येत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्क्रूंना ५.५ मिमीचा पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, साधा आत शिरतच नाही. खरी मेख पुढे आहे: मॉड्यूल सरळ बाहेर ओढू नका. आधी खाली सरकवा, आतल्या पिना सुटल्या की मग बाजूला घ्या. घाई केली तर पिना मोडतात आणि डिस्ट्रिब्युटरच काढायची वेळ येते.

नव्याच्या धातूच्या पाठीला उष्णता वाहून नेणारं सिलिकॉन ग्रीस सगळीकडे सारखं लावा. बरेच जण हे टाळतात, मग नवंही लवकर जळतं. स्क्रू बेताने आवळा. डिस्ट्रिब्युटर हलवला नसेल तर टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेला, हात लावायची गरज नाही.