कथानक, कथावस्तू आणि आशयसूत्र

प्रश्न असा आहे: कथेचं रसग्रहण लिहिताना ‘कथानक’ म्हणून गोष्टीचा सारांश आणि ‘आशयसूत्र’ म्हणून तात्पर्य दिलं, तर दोन्ही चुकीचं ठरतं. ‘कथावस्तू’ तर कुठे कथानकाच्या अर्थी दिसतो, कुठे आशयाच्या. मग नेमकं काय धरायचं?

कथावस्तूपासून सुरुवात करू, कारण तिथे शब्दानेच घोळ घातला आहे. संस्कृत नाट्यविचारात ‘वस्तु’ म्हणजे नाटकाचं इतिवृत्त, म्हणजे त्यात घडणारी गोष्ट. धनंजयाच्या ‘दशरूपका’त (10वं शतक) वस्तू, नेता (म्हणजे नायक) आणि रस या तिघांवरून नाट्यप्रकार वेगळे केले आहेत. मुख्य वृत्तान्त तो आधिकारिक, त्याला पूरक तो प्रासंगिक. प्रासंगिकातही लांबवर चालते ती पताका आणि चटकन आटोपते ती प्रकरी. रामकथेत सुग्रीवाचा वृत्तान्त पताका, शबरीचा प्रकरी. आपण दोन्हींना ‘उपकथानक’ म्हणून मोकळे होतो. जुना भेद फार उपयोगी आहे, तो हाताशी ठेवावा. मराठीत मात्र ‘कथावस्तू’ विषय किंवा आशय या अर्थानेही रुळला. म्हणून वाचताना संदर्भावरून अर्थ ठरवा आणि स्वतः लिहिताना हा शब्द टाळा.

आता कथानक. एक छोटी गोष्ट घेऊ. वडील मरण्यापूर्वी धाकट्या मुलाला पत्र लिहून ठेवतात: घर विकू नकोस. पत्र थोरल्याच्या हाती लागतं. धाकटा कर्जात बुडालेला आहे, म्हणून थोरला ते लपवतो. घर विकलं जातं, कर्ज फिटतं. पुढे पत्र धाकट्याला सापडतं आणि तो भावाशी बोलणं सोडतो.

काळाच्या क्रमाने सांगितल्या तर या नुसत्या घटना. त्यांची लेखकाने कार्यकारणाने बांधलेली मांडणी म्हणजे कथानक. समजा, कथा अबोल्यापासून सुरू केली आणि पत्र मध्यावर, तर थोरल्याचं कारण अगदी शेवटी उघड केलं. घटना त्याच राहिल्या, पण वाचकाची उत्सुकता ‘पुढे काय होणार’ यावरून ‘त्याने असं का केलं’ यावर गेली. उत्कर्षबिंदूही हलला: सरळ सांगताना तो धाकटा पत्र वाचतो तिथे होता, आता थोरल्याच्या कबुलीपाशी आला. उत्कर्षबिंदू म्हणजे सर्वांत जास्त आरडाओरडा असलेला प्रसंग, ही समजूत म्हणूनच फसते. ताण जिथे टोकाला जाऊन फिरतो, तो बिंदू शोधायचा.

तुमचा मजकूर सारांश झालाय की कथानकाची चर्चा, हे तपासायला दोन वाक्यांमधले सांधे पाहा. सगळीकडे ‘आणि मग’ चालत असेल तर तो सारांश. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’ लिहावंच लागत असेल तर कथानक हाती लागलं. दुसरी कसोटी, एखादी घटना मनातल्या मनात काढून टाका. आपल्या गोष्टीतलं कर्ज काढलं तर थोरला निव्वळ लोभी ठरतो, म्हणजे ती घटना कणा आहे. घर कोणी विकत घेतलं हे काढलं तरी काही बिघडत नाही. रसग्रहणात त्यावर एक ओळही खर्च करू नका.

आशयसूत्र म्हणजे कथेतून निघणारं मध्यवर्ती म्हणणं. ते लिहिताना दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे ‘भाऊबंदकी’ किंवा ‘घर’ असं एका शब्दात उत्तर देणं. तो विषय झाला. दुसरी, ‘जवळच्यांपासून काही लपवू नये’ असं लिहिणं. तो बोध झाला, आणि आपली कथा तसा आदेश देत नाही, कारण लपवल्यामुळेच कर्ज फिटलं आहे. आशयसूत्र पूर्ण वाक्यात यावं, त्यात पात्रांची नावं नसावीत, आणि कथेचा शेवट त्याला पुरावा म्हणून उभा राहावा. इथे ते असं होईल: ‘माणसाला वाचवण्यासाठी त्याच्या वतीने घेतलेला निर्णय त्याला वाचवतो आणि दुरावतोही.’ यातला ‘दुरावतोही’ शेवटच्या अबोल्यावर उभा आहे. शेवटी दोघं भाऊ बोलू लागले असते, तर हे वाक्य बदलावं लागलं असतं.

एका कथेला एकाहून अधिक आशयसूत्रं निघू शकतात. ‘वडिलांचा शब्द मुलांवर ओझं होऊन राहतो’ हे इथलं दुसरं सूत्र. प्रत्येकाशेजारी कथेतला किमान एक प्रसंग लिहून पाहा. ज्याला प्रसंग सापडणार नाही ते खोडा.